आधी सह्या, मग ठराव

लाखनीपासून सहा किलोमीटरवर, हायवेला लागून असलेल्या त्या गावात प्रतिक्षा रामटेकेला आता कुणी सभेला बोलवत नाही. बोलावलं तरी ती जाणार नाही. दोन वर्षांपूर्वी मात्र याच पोरीने अख्खी ग्रामपंचायत डोक्यावर घेतली होती.

बी.ए. झालेली, पोलीस भरतीत एका गुणाने हुकलेली आणि शिकवण्या घेणारी ही पोरगी. गावची वीसेक पोरं-पोरी भरतीसाठी पहाटे हायवेवर धावायची, कारण धावायला दुसरी जागाच नव्हती. तिचा वर्गमित्र जीवन त्यांतलाच. एका पहाटे त्याला ट्रकने मागून उडवलं. पंधरा दिवस गाव हळहळलं, सोळाव्या दिवशी पोरं पुन्हा हायवेवर. करतील काय बिचारी? त्यांत प्रतिक्षाचा धाकटा भाऊ अनुपही होता.

त्याच वर्षी वरून फर्मान आलं, की गावाच्या विकास आराखड्यात तरुणांना सामील करून घ्या. सरपंच रत्नाबाई, पण कारभार सगळा त्यांच्या नवऱ्याच्या, ताराचंदभाऊंच्या हातात. त्यांनी प्रतिक्षाला बोलावून खुर्ची दिली, चहा पाजला.

"पोरी, तू शिकलेली आहेस. सांग, काय पायजे पोट्ट्यायले?"

"मैदान," ती एका दमात म्हणाली. "तलावाच्या पाळीखालची जागा पडीकच आहे. मुरूम टाकून सपाट करून द्या, भाऊ. जीवनसारखा दुसरा जायले नको."

"मंग लाग कामाले."

ती लागली. पोरापोरींना घेऊन ग्रामपंचायतीच्या अंगणात रांगोळीने गावाचा नकाशा काढला. मैदानाची जागा हिरव्या रांगोळीने भरली. तालुक्याहून आलेल्या साहेब लोकांनी फोटो काढले, पाठ थोपटली. वेडी पोरगी हरखून गेली.

ग्रामसभा पडली धानाच्या कापणीत. चाळीस माणसं आली, कोरमला शंभर हवी होती. ताराचंदभाऊंनी रजिस्टर तिच्या हातात दिलं. "कोरम नाही झाला तं तुयं मैदान गेलं. घरोघरी जाऊन सह्या घेऊन ये."

आता त्या गावाची रीतच अशी, की रजिस्टरमध्ये आधी सह्या व्हायच्या आणि ठराव मागून, सवडीने लिहिला जायचा. वर पान कोरं सोडायचं, खाली सह्या. सगळ्यांना ठाऊक, कुणालाच त्यात वावगं वाटत नसे. प्रतिक्षालाही वाटलं नाही. आराखड्याची बारा पानं तिने तीनदा तपासली होती, पण हे एक पान कोरं पाहून तिच्या मनात पाल चुकचुकली नाही. सूचक म्हणून पहिली सही तिनेच ठोकली. मग बांधाबांधाने हिंडून सह्या गोळा केल्या. लोकांनी सह्या दिल्या त्या ताराचंदला नव्हे, तिला. जीवनची आई कुंताबाई विळा खाली ठेवून उठली, अंगठा देताना म्हणाली, "होऊन जाऊ दे वो बाई. माया गेला तो गेला."

चार महिन्यांनी हायवेच्या वळणावर खड्डे खणले गेले. स्वागत कमान होणार होती. प्रतिक्षा धावत ग्रामपंचायतीत गेली. ताराचंदभाऊंनी न रागावता रजिस्टर उघडून दाखवलं. कोऱ्या जागेत सुवाच्य अक्षरात कमानीचा ठराव, सर्वानुमते मंजूर. सूचक, कुमारी प्रतिक्षा रामटेके.

"निधीत एकच मोठं काम बसत होतं," ते म्हणाले. "मैदान पुढच्या आराखड्यात पाहू. अन् सही तं तुयीच आहे ना?"

ती तालुक्याला साहेबांकडे गेली. त्यांनी कागद चाळले आणि म्हणाले, तरुणांचा इतका सहभाग आम्हाला कुठल्याच गावात दिसला नाही. आराखड्याच्या मुखपृष्ठावर तिच्याच रांगोळीचा फोटो होता. या माणसांना लाज नसते, आणि आपल्याला अक्कल उशिरा येते. प्रतिक्षा घरी येऊन उपाशीच झोपली.

लोकांनी ताराचंदला काही विचारलं नाही. विचारलं ते तिला. तू कितीत फुटलीस, इथपर्यंत बोलून झालं. ती ऐकून घेत राहिली. फक्त कुंताबाईच्या घरावरून जायचं टाळायची.

कमानीचं उद्घाटन झालं, त्या संध्याकाळी कुंताबाईच तिच्या दारात आली.

"बाई, मैदान कधी होते?"

"नाही होत, मावशी." प्रतिक्षाने मान वर केली नाही. "मी कोऱ्या कागदावर सही केली. तुमचा अंगठाबी मीच घेतला. त्याच्यावर त्यायनं कमान केली."

ती शिव्यांची वाट पाहत उभी राहिली. त्या तिला हव्या होत्या. पण म्हातारीला अंगठ्याचं काही पडलेलं नव्हतं.

"म्हणजे पोट्टे अजून रोडवरच धावून राहिले?"

"हो."

"तुया अनुपबी?"

"अनुपबी, मावशी."