बाळंतिणीला मुळा

लेकीच्या बाळंतपणासाठी मी जपानला गेलेले. बाळकुमहून निघताना बॅगेत कपडे कमी आणि खाणं जास्त. डिंकाचे लाडू, अळीव, सुंठ, बाळंतशोपा. विमानतळावर कुणी बॅग उघडली नाही, हे माझं नशीब. मी पोचले तेव्हा नात अकरा दिवसांची होती. लेकीचं दूध बाळाला पुरत नव्हतं, म्हणून सगळ्यांचा जीव त्या लाडवांवर. माझ्या बहिणीचा ठाण्याहून रोज फोन, खातेय ना ती?

खात नव्हती. दोन घास घ्यायची आणि ताट सरकवायची. तोंड एवढंसं झालेलं. मी चिडायचे. गुडघे धरेपर्यंत ओट्याशी उभं राहून लाडू वळले होते मी, आणि ही बाई नाक मुरडतेय!

एक दिवस कचऱ्याच्या डब्यात रिकामी पाकिटं सापडली. जावई येताना खालच्या दुकानातून काहीबाही आणायचे आणि ही माझ्या नकळत खायची. ते दुकान म्हणजे आपल्या वाण्याचं नव्हे. चोवीस तास उघडं, सगळं पाकीटबंद, गिऱ्हाइकं तोंडातून शब्द काढत नाहीत. मला राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. म्हटलं बघू तरी, माझ्या लाडवात नाही असं ह्यात काय आहे.

दुपारी मायलेकी झोपल्या की मी खाली उतरायचे, एकच वस्तू घ्यायचे आणि समोरच्या बाकावर बसून खायचे. पहिल्या दिवशी भाताचा तिकोनी गोळा. वरचा काळा कागद मी काढून फेकला. ते समुद्रातलं शेवाळ असतं आणि भाताबरोबर खायचं असतं, हे नंतर कळलं. आत खारवलेलं आंबट फळ होतं. ठीक. दुसऱ्या दिवशी अंड्याचं सँडविच, पाव इतका मऊ की कवळी काढून ठेवली तरी चालेल. मग एक वाफवलेला बन, आत गोड पुरण. आपली पुरणपोळी शंभरपट बरी. चौथ्या दिवशी गल्ल्याशेजारी एका भांड्यात मुळ्याचे जाड काप रश्शात शिजताना दिसले. बोट दाखवून एक घेतला. मुळा मला जन्मात आवडला नाही, पण हा संपवला आणि रस्साही प्यायले.

वर येऊन लेकीला सांगितलं. ती उठूनच बसली. म्हणाली, मलाही आणून दे ना. मी म्हटलं, वेडी का काय, बाळंतिणीला मुळा? वातूळ असतो, बाळाचं पोट दुखेल, मावशीला कळलं तर मला उभी फाडेल. बरंच बोलले, आणि वर लाडूही पुढे केला.

तिने तो घेतला नाही.

"आई," ती म्हणाली, "आल्यापासून बाळ किती प्यायलं एवढंच विचारतेयस तू. मी तुला माझ्यासाठी बोलावलेलं गं."

तिने आवाज चढवला नाही, रडलीही नाही. मी आठवून पाहिलं. तुला झोप लागली का, टाके दुखतात का, यातलं एक अक्षर मी विचारलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

चपला घातल्या, खाली गेले, मुळ्याचे तीन काप आणि त्याच रश्शातलं एक अंडं घेऊन आले. ती पलंगावर मांडी घालून खायला लागली. रस्सा हनुवटीवरून ओघळत होता, तिला पर्वा नव्हती. पहिला काप संपतोय तोच बाळ रडायला लागलं. ती सवयीने वाटी बाजूला ठेवून उठू लागली.

"बस," मी म्हटलं. "आधी तुझं होऊ दे."

मी बाळाला खांद्यावर घेतलं. ते माझ्या कानाशी किंचाळत होतं, आणि मी वाटी रिकामी होईपर्यंत माझ्या लेकीकडे बघत उभी राहिले.