एका बॅटरीवरून काढलेली वायर

मिलिटरीच्या लिलावातली जुनी गाडी दारात आली की माझी कळी खुलते. बारामतीत इंदापूर रस्त्याला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. त्या गाड्यांचा अल्टरनेटर चहूबाजूंनी बंद असतो, गाडी नदीतून काढली तरी चार्जिंग चालू. बाकीचे मिस्त्री असला अल्टरनेटर बिघडला की भंगारात टाकतात आणि बाजारातला साधा पीस ठोकून मोकळे होतात. मी खोलतो. जळालेली तार सोडवायची, फेरे मोजायचे, तेवढेच नवे भरायचे, वार्निश पाजून वाळवायचं, बेअरिंग, कार्बन, डायोड बदलायचे. तीन दिवस जातात. मधे कुणी घाई केली तर मी तोंडावर सांगतो, "उचला आन् न्या दुसरीकडं." माझ्या जिभेला हाड नाही असं घरचे म्हणतात, आणि ते काही खोटं नाही.

हे सगळं सांगतोय ते मोठेपणासाठी नाही. काम कसं करायचं ते मला कळत होतं, एवढंच सांगायचंय.

लासुर्ण्याच्या एका डाळिंबवाल्या बागायतदारानं अशीच एक गाडी घेतली होती. मागं पाण्याची टाकी बसवून बागेत औषध फवारायची, असा त्याचा बेत. गाडी तात्या चालवायचे. तात्या म्हणजे त्याचे जुने ड्रायव्हर, पन्नाशी उलटलेले, तोंडात कायम बिडी, पेटलेली असो की विझलेली. अल्टरनेटर मी असा भरून दिला की तात्या मीटरचा काटा बघून म्हणाले, "मिस्त्री, तुमच्या हाताला सोन्याचं कडं घालाय पायजे." मी फुगलो.

अडचण पंपाची होती. त्या गाडीत बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकमेकींना जोडून सगळं चोवीसवर चालतं. मालकाचा फवारणीचा पंप बारा व्होल्टचा. मधे चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टर लागतो, आणि तो पुण्याहून यायला दोन दिवस होते. आभाळ भरलेलं, बागेवर तेल्या रोग पडायची भीती, मालकाचा पाय एका जागी ठरेना. मग मी ते केलं जे दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्याला शिव्या घातल्या असत्या. दोनपैकी एकाच बॅटरीवरून वायर काढली आणि पंपाला दिली. असं केलं की ती बॅटरी उतरत राहते आणि तिच्या जोडीची नको तेवढी चार्ज होऊन उकळते, तिच्यातून पेट घेणारा गॅस सुटतो. हे मी पहिल्या वर्षी शिकलो होतो. वायरीच्या टोकाला लग, म्हणजे बोल्टात बसणारी तांब्याची कडी, दाबायचा कंटाळा केला, नुसती बोल्टाला गुंडाळली. म्हटलं, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे.

कन्व्हर्टर आला आणि फळीवर पडून राहिला. मालकाला गाडी सोडवेना आणि मीही निरोप धाडला नाही. पंप चाललाय ना, मग कशाला!

महिन्याभरानं तात्या दुकानात आले. "मिस्त्री, एक बॅटरी लय पाणी पितीया. पेटी उघडली की सडक्या अंड्यावानी वास येतुया."

मी दुसऱ्या एका ट्रकखाली आडवा पडलेलो. तिथूनच ओरडलो, "मग पाणी टाकत जावा की तात्या! बॅटरी हाय, पिणारच."

"बरं बरं," म्हणून ते गेले. तो वास कशाचा, हे ऐकताक्षणी मला कळलं होतं. बाहेर यायला मला कितीसा वेळ लागला असता? पण नाही आलो.

पंधरा दिवसांत ते झालं. फवारणी चालू असताना पंप बंद पडायला लागला. तात्यांनी बॅटरीची पेटी उघडली, वायर हलवली आणि बॅटरी फुटली. ॲसिड सगळं तोंडावर. बागेतल्या बायांनी त्यांना हौदावर नेऊन पाणी मारलं, म्हणून एक डोळा राहिला. दुसरा गेला.

दुसऱ्या दिवशी मालकानं मला बोलावलं. मी निघताना फळीवरचा कन्व्हर्टर पिशवीत घातला. मला कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी घातला. पेटीत बघितलं तर माझ्या गुंडाळलेल्या वायरीखाली बोल्ट काळा पडलेला, ठिणगीनं खाल्लेला. वायर ढिली झाली होती, तात्यांचा हात लागला आणि ठिणगी पडली, बाकी काही नाही. मी ती वायर कापून खिशात घातली, कन्व्हर्टर बसवला, नव्या बॅटऱ्या जोडल्या. काम नीट केलं. लगसुद्धा दाबले.

मालकानं मागं उभं राहून विचारलं, "कशानं झालं हो?"

"बिडी," मी म्हणालो. "बॅटरीजवळ बिडी ओढल्यावर दुसरं काय होणार?"

एवढं एकच वाक्य, पण गावभर झालं. लासुर्ण्यापासून सणसरपर्यंत ज्याच्या त्याच्या तोंडी तेच, तात्यानं बिडीपायी डोळा घालवला. मी दवाखान्यात भेटायला गेलो तर तात्यांनीच माझा हात धरला. "मिस्त्री, बिडी तोंडात हुती हे खरं. पेटलेली हुती का न्हाय, काय ध्यानात न्हाय बगा. तुमच्या कामाला उगं बट्टा लागला."

तेव्हा बोलायला हवं होतं. "आराम करा तात्या," म्हणालो आणि मोसंबी ठेवून पळून आलो. माझ्यासारखा नालायक मीच.

त्यांचं ड्रायव्हिंग सुटलं. मालकानं त्यांना बागेच्या फाटकावर बसवलं. मी त्या रस्त्यानं जायचंच सोडलं, वालचंदनगरला काम निघालं तरी लांबच्या वाटेनं जायचो. खाई त्याला खवखवे म्हणतात ना, तसं. दुकानात कुणी बिडी काढली तरी मी त्याच्यावर खेकसायचो.

दोन वर्षं अशीच गेली. गेल्या उन्हाळ्यात मालकाच्या पाव्हण्याची एक मिलिटरी गाडी घेऊन तात्याच माझ्या दारात आले. शेजारी नवा ड्रायव्हर. अल्टरनेटर भरायचा तर ह्यांच्याकडंच, असा तात्यांचा हट्ट. मी बॅटरीची पेटी उघडली आणि तो ड्रायव्हर बिडी पेटवत जवळ आला. तात्या त्याच्यावर धावून गेले. "टाक आधी ती! माज्याकडं बग. बग म्हणतो न्हवं! ह्यो डोळा म्या माज्या हातानं घालवलाय." चार गिऱ्हाइकं बघत होती. त्यांनी सगळ्यांना आपला डोळा दाखवला.

मला राहवलं नाही. त्या ड्रायव्हरला चहा आणायला पिटाळलं, तात्यांना आत नेलं आणि सगळं सांगितलं. वायर, लग, वास, कन्व्हर्टर, बिडी. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

तात्यांनी पान्ह्यांचा डबा बाजूला सारला. मग म्हणाले, "घरी येता का? आत्ता. हिच्यासमूर सांगा."

मी शटर ओढलं. मोटारसायकलवर ते मागं बसले, आम्ही लासुर्ण्याला गेलो. घरी वहिनी अंगणात ज्वारी पाखडत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं. हात जोडले. सूप त्यांच्या हातात तसंच राहिलं.

वहिनी खाली बघत म्हणाल्या, "ह्यांच्या हातनं तांब्या लवंडला तरी मी म्हणायची, वढा आनखी बिड्या. पोरीच्या लग्नात चार लोकांत बोलली ह्यास्नी, आपल्या हातानं आंधळा झाला म्हणून. दोन वर्सं बोलतीया. त्ये आता माघारी कसं घिऊ, सांगा मिस्त्री."

"आगं, असू दे," तात्या म्हणाले.

मी निघालो. तात्या सोडायला उठले आणि गेलेल्या डोळ्याच्या बाजूला ठेवलेल्या ज्वारीच्या पाटीला धडकले. ज्वारी अंगणभर सांडली. वहिनींचं तोंड सवयीनं उघडलं, आणि मग त्या पदर तोंडाला लावून तिथंच खाली बसल्या.