तीन नंबरचं बटण

कुठलंही बटण दाबताना भाऊ मान तिरकी करून कान जवळ न्यायचे. ‘टक्’ ऐकू आलं की म्हणायचे, “शे,” म्हणजे अहिराणीत ‘आहे’. नाही आलं तर, “नही.” धुळ्यात दारावरच्या घंट्या दुरुस्त करण्याचं त्यांचं छोटं दुकान होतं आणि या दोन शब्दांत त्यांचा बहुतेक संसार बसायचा. लग्नाचं आमंत्रण दिल्यावर कुणी “बघतो” म्हणालं, की ते विचारायचे, “बघतो म्हणजे कोणतं बटण?”

शालेय प्रश्नमंजूषा तुम्ही पाहिल्या असतील. पहिला हात कुणाचा, यावर तिथे हमखास वाद होतो. एका मुख्याध्यापकांनी तर आपला संघ निम्म्यातून उठवून नेला होता. त्याची बातमी आमच्या पेपरात मीच दिली होती. ती वाचून भाऊंनी डबा बनवला. घंटीची सहा बटणं लाकडी ठोकळ्यांवर बसवली, प्रत्येकाची तार जेवणाच्या एका डब्यात आणली. डब्यात व्हिडिओ गेमच्या जुन्या रिमोटमधली सर्किटची पट्टी होती, तिची यूएसबी केबल लॅपटॉपला. बटण दाबलं की लॅपटॉपला वाटायचं, कुणीतरी गेम खेळतंय. कॉलेजातल्या एका सरांनी लिहून दिलेला प्रोग्राम सर्वांत आधी दाबणाऱ्या संघाचा आकडा पडद्यावर दाखवायचा.

“दाबं ते शे, नही दाबं ते नही,” भाऊ संयोजकांना सांगायचे. “तिसरं काही नसतं.”

शिंदखेड्यापासून भुसावळपर्यंत डबा फिरला. वाद थांबले.

मग धुळ्यातली ती अंतिम फेरी. पाच नंबरच्या टेबलावर भाऊंची मुलगी होती. नववीतली; दहावीच्या मुलांना स्पर्धेत घेत नसत, म्हणजे शाळेकडून भाग घेण्याचं तिचं हे शेवटचं वर्ष. तीन आणि पाच बरोबरीत होते आणि एकच प्रश्न उरला होता. भाऊ नेहमीप्रमाणे डब्याजवळ खुर्ची टाकून बसले होते. मी त्यांच्या मागे.

प्रश्न संपला. पडद्यावर पाच उमटला. मुलीने उत्तर दिलं, बरोबर दिलं. टाळ्या सुरू झाल्या. तीन नंबरच्या मुली पडद्याकडे पाहत होत्या, त्यांच्यातल्या एकीचा अंगठा अजून बटणावर होता.

भाऊ उठले. टाळ्या थांबेपर्यंत उभे राहिले.

“तीन नंबरनी पहिले दाबं,” ते म्हणाले. “माले टक् ऐकू उनं.”

परीक्षकांनी पडद्याकडे बोट दाखवलं. भाऊंनी डबा उघडला. तीन नंबरच्या तारेचा डाग, म्हणजे कथलाचा जोड, सुटला होता. तार नुसतीच पट्टीला टेकून होती. तो डाग त्यांनीच दिलेला होता. प्रश्न रद्द झाला, तार पुन्हा जोडली गेली, नवा प्रश्न विचारला गेला. तीन नंबर जिंकला.

तारा गुंडाळताना मुलगी शेजारी येऊन उभी राहिली.

“आबा, कसाले बोलनात?”

“ऐकू उनं ना, बेटा.”

 खाली बसून तिने दुसऱ्या टोकाकडून तारा गुंडाळायला घेतल्या.

मी वहीत लिहून घेण्यासाठी विचारलं, तेव्हा भाऊ म्हणाले, “डबा खोटा बोलना, असं लिखा.” बातमीत मी निकाल दिला, संघांची नावं दिली. हे वाक्य जागेअभावी गेलं. आज ते इथे देतो आहे.

डब्याला आता बोलावणं येणार नाही, असा माझा अंदाज होता. तो चुकला. शाळा आधीपेक्षा जास्त बोलावू लागल्या. भाऊंनी फक्त एक रीत वाढवली. स्पर्धेआधी बटणांची हजेरी घ्यायची. प्रत्येक संघाने एकदा दाबायचं, आकडा उमटला की भाऊंनी “शे” म्हणायचं. मुलं या हजेरीला हसायची, भाऊही हसायचे.

माझी बदली जळगावला झाली. भाऊ गेल्याचं मला फोनवर कळलं.

मागच्या महिन्यात जळगावच्या एका शाळेत प्रश्नमंजूषेला गेलो. टेबलावर तोच जेवणाचा डबा होता आणि डब्यामागे भाऊंची मुलगी. ती आता शिक्षिका आहे. तिने हजेरी सुरू केली. एक, शे. दोन, शे. तीन नंबरच्या मुलाने दाबलं, पण पडद्यावर काही आलं नाही. तिने डबा उघडला, डाग देण्याचं यंत्र तापवलं, तार बसवली. सभागृह थांबून राहिलं. मग तिने मुलाला खूण केली आणि मान तिरकी केली.

“आता शे,” ती म्हणाली.