‘ले’चा ‘ला’

आमच्या दहावी ‘अ’चे स्वतःविषयी फार चांगले मत होते, आणि त्याला कसलाही आधार नव्हता. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस नागपुरात धरमपेठेकडच्या एका शाळेत आम्ही त्रेचाळीस मुले शिकत होतो. त्यांतल्या एकाने तरी त्या वर्षी अभ्यासक्रमाबाहेरचा विचार केला असेल, असे मला वाटत नाही. आम्ही सायकलींच्या दांड्यांवरून भांडत असू, फळ्याजवळचा बाक टाळण्यासाठी आजारी पडत असू आणि शिक्षक पाठमोरे झाले की शूर होत असू. त्या वर्गाबद्दल माझ्या मनात आज तिरस्काराखेरीज काही उरलेले नाही. त्या तिरस्कारातून स्वतःला वगळावे असे कारण मी पुष्कळ शोधले, पण सापडले नाही.

वर्गाचा एकच स्वतंत्र शोध होता. आमच्याकडच्या बोलीत ‘मला’ऐवजी ‘मले’ म्हणतात, ‘तुला’ऐवजी ‘तुले’. हिंदीत ‘ले’ म्हणजे घे. तेव्हा कोणी चुकून ‘मले’ म्हणाला, की मागच्या बाकांवरून खडूचा तुकडा धरलेले हात पुढे येत आणि आवाज उठे, “ले बेटा, ले!” या विनोदावर आम्ही वर्षभर हसलो. ज्यांच्या घरी आई-वडील ‘मले’च म्हणत, तेच सर्वांत मोठ्याने हसत. मी त्यांच्यापैकी होतो. सक्करदऱ्याच्या आमच्या घरातला ‘मला’ म्हणणारा मी एकटाच, आणि तोही शाळेच्या फाटकात शिरल्यावर.

हे खडू बहुतेक वेळा एकाच मुलाच्या वाट्याला येत. तो उमरेडकडच्या एका गावाचा, शिक्षणासाठी मामाकडे राहणारा. उंच, सावकाश बोलणारा, आणि आवाज असा की त्याने धडा वाचायला घेतला की बाहेरून जाणारा शिपाईसुद्धा थांबत असे. दिवाळीनंतर एकदा तो माझी भूमितीची वही परत करायला आमच्या घरी आला. आईने त्याला पाटावर बसवले.

“कोण्या गावचा गा तू? चहा घेशीन ना?”

दोघे अर्धा तास धानाविषयी बोलत बसले. मी आतल्या खोलीत घामाघूम होऊन उभा होतो. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो अगदी निर्मळपणे मला म्हणाला, “तुह्या घरी त आमच्यासारखंच बोलतेत गा!” जवळपास कोणी नव्हते. तरीही त्या क्षणापासून मी त्याला भिऊ लागलो.

जानेवारीत स्नेहसंमेलन आले. प्रमुख पाहुणे म्हणून धंतोलीतले एक डॉक्टर येणार होते, ते याच शाळेचे माजी विद्यार्थी. मराठीच्या सरांनी स्वागताचे भाषण त्या उमरेडकडच्या मुलाला दिले. वर्गाला तो अपमान वाटला. त्याला मात्र ती एकुलती एक संधी वाटली. “एकदा मंचावरून नीट बोललो ना, त हे खडू बंद होतीन,” तो मला म्हणाला. भाषण त्याने स्वतः लिहिले, सरांनी तपासले. आदल्या दिवशी तो कागद घेऊन माझ्याकडे आला, कारण माझे ‘मला’ वर्गात सर्वांत स्वच्छ होते.

“मले येवढंच सांग, कुठं चुकतो मी?”

“जिथे ‘ले’ येईल तिथे ‘ला’ म्हण.”

“आन ‘पाहुणे आले’ असन त?”

मी थांबलो. ते थांबणे मला आजही मोजता येते.

“तेही.”

“पण कागदावर त सरांनी ‘आले’च ठेवलं हाय.”

“लिहायचे वेगळे, बोलायचे वेगळे,” मी म्हणालो. हे वाक्य एरवी खरेच आहे. म्हणूनच मी ते निवडले.

संमेलनाच्या दिवशी तो इस्त्रीचा सदरा घालून मंचावर गेला. पहिलेच वाक्य त्याने त्या भरदार आवाजात म्हटले, “आज आपल्या शाळेत डॉक्टरसाहेब आला!” मंडपात मागून हसू फुटले. तो गोंधळला. आपल्या तोंडून एखादा ‘ले’ निसटला असावा असे त्याला वाटले, आणि तो अधिक जपून बोलू लागला. “त्यांनी इथंच शिक्षण घेतला. ते इथंच मोठे झाला. आम्ही सर्व मुला त्यांना ही फुला अर्पण करतो.” जितके हसू वाढे, तितक्या काळजीने तो उरलेसुरले ‘ले’ वेचून काढी. आमचा वर्ग खुर्च्यांवर आडवा झाला होता. डॉक्टर उठले आणि म्हणाले, “डॉक्टर आला, डॉक्टर बसला, आता डॉक्टर बोलणार!” मोठ्या टाळ्या पडल्या. मुख्याध्यापकही पोट धरून हसले. त्या सुशिक्षित मंडपात एकालाही त्या मुलाच्या चेहऱ्याकडे पाहावेसे वाटले नाही. मी पाहिले, आणि टाळ्या वाजवल्या.

पडद्यामागे तो मला शोधत आला.

“तू सांगतलं तसंच म्हटलं गा. एखाद-दुसरा सुटला असन माह्याकडून.”

कबुलीसाठी याहून सोपी जागा मला आयुष्यात कोणी दिली नाही. मी म्हणालो, “हो, दोन-तीन सुटले.”

सोमवारी इतिहासाच्या तासाला सरांनी त्याला प्रश्न विचारला. तो उभा राहिला आणि म्हणाला, “मुझे नहीं मालूम, सर.” खडू धरलेले हात अर्ध्यावरच राहिले. त्यानंतर तो आमच्यापैकी कोणाशीही मराठीत बोलला नाही. माझ्याशीही नाही. वर्गाने दोन दिवस आश्चर्य केले आणि मग दुसरा कोणी शोधला.

जूनमध्ये गुणपत्रिका मिळाल्या. त्याचे वडील गावाहून आले होते. धोतर, डोक्यावर टोपी, हातात कापडी पिशवी. तो कार्यालयापुढच्या रांगेत उभा होता. ते माझ्याजवळ आले.

“बाबू, तू याच्याच वर्गातला ना? हा घरीबी आमच्याशी हिंदीच बोलून राहिला गा. याच्या मायले त काही समजत नाही. काहून असन? मास्तरांनी सांगतलं काय?”

रांगेतून त्याने आमच्याकडे पाहिले आणि पुन्हा तोंड फिरवले.

“मला माहीत नाही, काका,” मी म्हणालो.