उन्हात फुटणारी काच

गावातले सगळे पूल नगरपालिकेचे आणि ते सांभाळणारी इंजिनिअर एकच, म्हणून तिचं नाव पडलं पूलबाई. ही बया पुलावरून जाण्यापेक्षा खालून जास्त गेलेली, मान वर करून. नवरा सांगत सुटे, मला पहिल्यांदा भेटायला आली तेव्हा माझ्याआधी आमच्या गॅलरीचं छत ठोकून पाहिलं हिने.

नदीवरचा मोठा पूल काठच्या ज्या भिंतीवर टेकलाय, तिला तडा गेला. पूलबाईने तड्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवली. तडा रुंदावला की काच फुटणार. फुटली. दुसरी लावली, तीही फुटली. तिचे साहेब म्हणाले, पुलाला ओझं झेपत नाही, सोमवारपासून ट्रक आणि बस बंद. आणि त्या पुलावरची बस चालवणार कोण, तर हिचीच नणंद! पूल बंद म्हणजे तिची रवानगी डेपोतल्या चौकशीच्या खिडकीत. ती स्वयंपाकघरात येऊन विचारून गेली, "वहिनी, माझ्या बसने तुझं काय घोडं मारलंय?"

पूलबाईच्या डोक्यात मात्र भलताच किडा वळवळत होता. बस दिवसभर जाते, मग काच दुपारीच का फुटते? ती डबा घेऊन भर उन्हात भिंतीपाशी जाऊन बसली. उन्हाने पूल लांबतो, हे तिला पाठ. म्हणून तर टोकाला बोटभर फट सोडलेली असते. फट म्हणताच घास हातातच राहिला.

धावत वर गेली. फट नव्हतीच. तिथे गुळगुळीत सिमेंट, वर रंगाचा हात. नगराध्यक्ष पाहणीला येणार म्हणून 'सगळ्या फटी बुजव' असं गवंड्याला कोणी फर्मावलं होतं? हिनेच. गवंडी बिचारा शब्दाला जागला. आता लांबायला जागा नाही, म्हणून पूल भिंतीलाच रेटत होता.

गप्प बसावं तर नणंद खिडकीत, बोलावं तर जन्मभर नणंदेच्या तोंडी. डबा तसाच टाकून ती साहेबांकडे गेली.

"फट मीच बुजवायला लावली, साहेब. बस बंद करू नका."

साहेब म्हणाले, फट मोकळी करा. नवी काच टिकली तर बस जाईल, ट्रकचं भिंत दुरुस्त झाल्यावर बघू.

सकाळच्या गारव्यात गवंड्याने सिमेंट खणून काढलं. रविवारची दुपार टळली तरी काच शाबूत.

सोमवारी नणंदेने पुलाच्या टोकाला बस थांबवून मान बाहेर काढली. "वहिनी, पुढच्या वेळी काही बुजवायचं झालं तर आधी मला विचार." आतले प्रवासी खो खो हसले, बातमी त्यांना आधीच कळली होती.

पूलबाईचं लक्षच नव्हतं. ती कठड्याला कान लावून, बसखाली पूल कसा वाजतो ते ऐकत बसलेली.

"जरा मागे घे," ती म्हणाली, "आणि परत ये. हळू."