काशिनाथचं 'गिव्ह अप'

काशिनाथ गेल्याचा फोन आला तेव्हा मी जव्हारच्या एसटी स्टँडवर चहा पीत होतो. डोळ्यांत पाणी यायला हवं होतं... आला तो राग. एका निवृत्त अधिकाऱ्याचा चेहरा समोर आला, आणि त्याच्या शेजारी माझा.

पोशेऱ्याचा काशिनाथ आमच्या आश्रमशाळेत इंग्रजी शिकवायचा, मी मराठी. 'गिव्ह अप' शिकवायला त्याने अख्खा आठवडा घेतला. गाईडात एकच अर्थ होता, हार मानणे. तो मुलांना म्हणायचा, "घरी जा, कोन काय सोडतं ते बघा." मुलं वाक्यं घेऊन यायची. एसटीत म्हातारीला जागा दिली, तेही गिव्ह अप. हरवलेली शेळी शोधायचा नाद सोडला, तेही. आजाने तंबाखू सोडली, तेही. त्याचा वर्ग हसत असायचा. माझ्या वर्गात कुणी हसत नसे.

मग तपासणी आली. मुलांची बोली मला समजते म्हणून तपासणीला आलेल्या साहेबांनी मला शेजारी बसवलं. सातवीतल्या एका मुलीला त्यांनी 'गिव्ह अप' विचारलं. ती ठसक्यात म्हणाली, "माझा बास दारू गिव्ह अप करं, पन होळीला नाय!" वर्ग फिदीफिदी हसला.

"काय म्हणते ही?" साहेबांनी मला विचारलं.

"काही नाही साहेब, घरचं काहीतरी बरळतेय."

मला शब्दन् शब्द समजला होता. तिचा बाप दारू सोडतो, फक्त होळीला नाही. उत्तर बरोबर होतं. पण मुख्याध्यापकाच्या जागेवर माझा डोळा होता आणि ज्येष्ठतेच्या यादीत काशिनाथ माझ्या वर होता.

'मुलांना धड मराठीही येत नाही,' असा शेरा पडला. इंग्रजीचे तास मला मिळाले, त्याला भोजनगृहाची देखरेख. संध्याकाळी त्याने एकदाच विचारलं, "तुला समजला होता ना रं?"

"गडबडीत ऐकू आलं नाही."

"बरा," म्हणाला. पुन्हा कधी विषय काढला नाही... त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

शोकसभेला तेच साहेब, आता निवृत्त, प्रमुख पाहुणे! "कधीही हार न मानणारा शिक्षक," असं ते म्हणाले आणि मी त्यांच्या हातातून माईक ओढून घेतला. त्यांचा शेरा, माझं खोटं, सगळं गावासमोर सांगितलं.

"सर, तुम्ही भावनेच्या भरात..."

"साहेब, खाली बसा."

ते बसले. कानशिलांपर्यंत लाल झाले होते. मला आनंद झाला, आणि त्याची लाज वाटली नाही. तो लाल चेहरा मी अजून आठवून आठवून पाहतो.

गेल्या आठवड्यात पोशेऱ्याला गेलो. त्याच्या ओसरीच्या भिंतीवर काळा रंगवलेला चौकोन आहे. पाड्यातली पोरं त्यावर 'गिव्ह अप'ची वाक्यं लिहितात. वरच्या दोन ओळी अजून त्याच्या अक्षरात आहेत, त्या कुणी पुसत नाही. तिथे माझं नाव आहे का, हे मी आधी पाहिलं. नव्हतं.

त्याची बायको सुपात नाचणी पाखडत होती. "सर, सभेत बोललास ता बरा केलास," ती मान वर न करता म्हणाली. "पन त्याला आयकाया नाय गावला."