डब्यातले सेल

रामहरी गुरुजींनी लंकाबाईंकडे पहिल्यांदा नीट पाहिलं, तेव्हा त्या एका मुलीच्या पाठीमागे उभ्या राहून उलथन्याने ताट बडवत होत्या.

पाथर्डी तालुक्यातल्या टेकाडवस्तीची ती दोन खोल्यांची शाळा. लंकाबाई तिथे तीन वर्षांपासून खिचडी शिजवत होत्या, पण गुरुजींना त्यांच्याविषयी विचारलं असतं, तर खिचडीत मीठ कधी कमी-जास्त झालं नाही, एवढंच सांगता आलं असतं. बाई बोलतच नसत. आल्या की कुलूप काढायचं, तांदूळ निवडायचे, साडेबाराला ताट वाजवायचं, भांडी घासून निघून जायचं.

त्या दिवशी ताट वाजलं आणि मुलं नेहमीसारखी धावली. पहिलीतली संस्कृती मात्र भिंतीकडे तोंड करून चिंचोके मांडत बसली होती. लंकाबाई तिच्यामागे दोन हातांवर जाऊन पुन्हा ताट बडवू लागल्या. चिमणी उडाली, मुलीची मानही हलली नाही.

"गुरुजी," लंकाबाई म्हणाल्या, "हिला ऐकू येत न्हाई. दुसरी पोरं पळाली की ही पळती. आज तोंड तिकडं हुतं, म्हणून कळलं न्हाई तिला."

तीन वर्षांतलं त्यांचं ते सगळ्यात लांब बोलणं. गुरुजींचे कान गरम झाले. त्यांच्या वहीत संस्कृतीच्या नावापुढे त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं : लक्ष देत नाही.

पुढच्या आठवड्यात गुरुजी, मुलगी आणि तिची आई दिपाली करंजी घाट ओलांडून नगरच्या दवाखान्यात गेले. तपासण्या झाल्या, आणखी दोन खेपा झाल्या आणि आषाढ सरता सरता संस्कृतीच्या दोन्ही कानांना दोन यंत्रं मिळाली. मुलांना बोलायला शिकवणाऱ्या पंकजा मॅडमनी दिपालीला समोर बसवून सांगितलं, "हिला थोडं ऐकू येतं, पण यंत्राशिवाय नाही. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत ते कानात हवं. आणि हाताने जे काही काम कराल, ते हिच्याशी बोलत करा. उशीर झालाय, ताई. पुढचं एक वर्ष फार मोलाचं आहे."

दिपालीने मान डोलावली. पण मुलगी शाळेत यायची ती मोकळ्या कानांनी. गुरुजींनी विचारलं, तर दिपाली म्हणाली, "शाळेत पोरं वढतील, गुरुजी. घरी घालती की." गुरुजींना ते पटलं. लंकाबाईंना पटलं नाही.

गणपतीत त्या दिपालीच्या घरी आरतीला गेल्या. संस्कृती नव्या परकर-पोलक्यात, केसांत गजरा आणि दोन्ही कानांत यंत्रं घालून बसली होती. आरती झाली, प्रसाद वाटला, आणि दिपालीने आधी मुलीच्या गळ्यातली पोत काढली, मग यंत्रं काढली. दोन्ही एकाच मखमली डबीत गेली आणि डबी पेटीत. लंकाबाईंनी पेटीत वाकून पाहिलं.

"सेल दाखव."

"काय, काकू?"

"मशीनचं सेल. मिळालेलं."

दिपालीने पाकीट काढून दिलं. पहिल्या दिवशी घातलेले दोन सेल सोडले, तर बाकीचे जसेच्या तसे होते. किती मुलांना किती दिवस गॅसची टाकी पुरते, हे लंकाबाईंना तोंडपाठ होतं. त्यांनी पाकीट उलटंपालटं केलं.

"महिना उलटला. सेल सरला न्हाई, म्हंजी मशीन चाललंच न्हाई."

"अवं काकू, केवढं महागाचं हाय ते! फुटलं, हरवलं, तर पुन्हा कोन देईल? सणावाराला घालते की मी. काल जागरणालाबी घातलं हुतं." दिपालीच्या बोलण्यात लबाडी नव्हती. घरातली सगळ्यात मोलाची वस्तू तिने घरातल्या सगळ्यात सुरक्षित जागी ठेवली होती.

लंकाबाईंनी ही गोष्ट गुरुजींना सांगितली. पण खरी अडचण पुढेच होती. दसरा झाला की मुकादमाचा ट्रक येणार, दिपाली आणि तिचा नवरा ऊसतोडीला जाणार आणि धाकट्या भावाला सांभाळायला संस्कृतीला सोबत नेणार. सहा महिने उसाच्या फडाकडेला पाचटाची झोपडीवजा कोपी, दव, चिखल. तिथे यंत्र पेटीतच राहणार आणि मॅडमनी सांगितलेलं वर्ष अर्धं सरणार.

गुरुजी समजूत घालायला गेले. अर्धा तास बोलले. दिपाली ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "समदं खरं, गुरुजी. पन बारक्याला कोन बघंल? आन् हिला कुनापाशी ठिवू?"

लंकाबाई दाराशी उभ्या होत्या. "माझ्यापाशी," त्या म्हणाल्या.

त्यांच्यामागे त्यांचे यजमान रंगनाथ उभे होते. त्यांना हसूच आवरेना. "गुरुजी, त्या नगरच्या मॅडम काय म्हनत्यात? पोरीसंगं दिवसभर बोलायचं! अवं, आमच्या घरात बोलायचं खातं माझ्याकडं हाय. हिनं लग्नात नाव घेतलं, ते शेवटचं!"

सगळे हसले. लंकाबाईही किंचित हसल्या. "चौदा वर्सं कोयता चालवला मी," त्या दिपालीला म्हणाल्या. "फडात दम राहत न्हाई बोलायला. तीच सवय पडली. शिकंन आता. ही शिकंल, तशी मीबी."

 तेव्हा दिपालीची सासू कोपऱ्यातून म्हणाली, "बारक्यासाठी मी येते फडावर. माझं गुडघं इथंबी दुखतात आन् तिथंबी दुखतील."

ट्रक गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी गुरुजी वर्गात पाढे घेत होते. भिंतीपलीकडून बाईमाणसाचा आवाज आला. कोणी पाहुणी आली असेल, म्हणून ते डोकावले. स्वयंपाकखोलीचं दार आतून लोटलेलं होतं. फटीतून दिसलं की शेगडीपुढे लंकाबाई, त्यांच्यासमोर पाटावर संस्कृती आणि तिच्या कानांत यंत्रं.

"तांदूळ," लंकाबाई लाजत लाजत म्हणत होत्या. "तांदूळ धुते. पानी गार हाय. बघ, गार." मग काय बोलावं ते सुचेना. त्यांनी डाळीचं भांडं पुढे ओढलं. "आता… आता डाळ."

गुरुजी पाय न वाजवता मागे फिरले.

आठवडाभर दार लोटलेलं राहिलं, मग उघडं राहू लागलं. शाळेच्या नळावर पाणी भरायला येणाऱ्या बाया चेष्टा करत, "लंकाबाई, एवढं साठवून ठिवलं हुतं व्हय?" त्यांनाही लंकाबाई उत्तर देऊ लागल्या. दर पंधरा दिवसांनी त्या मुलीला घेऊन एस्टीने नगरला जात. मुलगी वाढली तसा यंत्राचा कानात बसणारा साचा सैल होऊन ते शिट्टी मारू लागलं, तेव्हा ते लंकाबाईंनीच ओळखलं आणि नवा साचा करून आणला. संपलेला सेल त्या फेकत नसत. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकून डबा वरच्या फळीवर ठेवत.

माघात संस्कृती बोलली. पाण्यात हात घातला आणि म्हणाली, "गा." शेवटचं अक्षर आलं नाही. लंकाबाईंनी वर्गाच्या दारात येऊन गुरुजींना बोलावलं. पाढे थांबले. मुलीने पुन्हा म्हणून दाखवलं आणि लगेच भातुकली मांडायला पळाली.

चैत्रात ट्रक परत आला. दिपाली उन्हाने काळवंडली होती. ती बोचकं खाली टाकून थेट लंकाबाईंच्या अंगणात आली. संस्कृती पाठमोरी बसून वाळवणावरची कोंबडी हाकत होती. दिपालीला हाक मारायचा धीर होईना. तिने लंकाबाईंकडे पाहिलं.

लंकाबाईंनी फळीवरचा डबा काढून तिच्या हातात दिला. "मोज. इतकं सेल लागलं."

दिपालीने झाकण न उघडताच डबा कानाशी नेऊन हलवला. खुळखुळ आवाज झाला.

संस्कृतीने वळून पाहिलं.

दिपालीने डबा पुन्हा हलवला. मुलगी हसून उठली. "आई," ती म्हणाली. शब्द जड होता, नाकात अडकलेला, पण "आई" असाच. दिपालीने तिला जवळ घेतलं आणि पहिल्यांदा तिचे कान चाचपले, यंत्रं नीट बसलीत का ते पाहायला.

मखमली डबीत त्यानंतर फक्त पोतच राहिली.

याला चार वर्षं झाली. रामहरी गुरुजी निवृत्त झाले. संस्कृती पाचवीत आहे. तिचं बोलणं अनोळखी माणसाला पहिल्यांदा सगळं कळत नाही, दुसऱ्यांदा कळतं. तोडणीच्या हंगामात ती लंकाबाईंकडेच राहते. लंकाबाई अजून त्याच शाळेत खिचडी शिजवतात. सकाळी साडेनऊला कुलूप काढतात आणि तांदूळ धुवायला घेतले की बोलू लागतात, खोलीत कोणी नसलं तरी.